मेणाने भरलेल्या वाटा : स्तनाची रचना आणि कर्करोगाचा शोध

१८४० साली लंडनमध्ये दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी उघड संबंध काही नाही. जानेवारी महिन्यात फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकार वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी वारली. आणि त्याच वर्षी सर ॲस्टली कूपर या नामवंत शल्यचिकित्सकाचा स्तनाच्या शरीररचनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बर्नीबाईंच्या उजव्या स्तनावर एकोणतीस वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १८११ रोजी, पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली होती. शस्त्रक्रिया करणारा होता नेपोलियनच्या सैन्याचा प्रसिद्ध शल्यचिकित्सक लॅरे. भूल देण्याची सोय युरोपात तेव्हा नव्हती. मद्यमिश्रित औषधाचा एक पेला आणि तोंडावर पातळ रुमाल, एवढाच काय तो आधार. पुढे काही महिन्यांनी त्यांनी आपली बहीण एस्थर हिला लांबलचक पत्र लिहिले. सुरी छातीच्या हाडावर खरवडताना काय वाटले, इथपर्यंत सगळे त्या पत्रात आहे.

वैद्यकाच्या इतिहासात या पत्राचे मोल मोठे आहे, कारण टेबलावर झोपलेल्या बाईने स्वतः लिहिलेला असा वृत्तान्त फार दुर्मीळ. पण पत्र वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. लॅरेसारखा निष्णात माणूससुद्धा किती कापायचे हे अंदाजाने ठरवत होता. गाठ कुठून उगवते, कोणत्या वाटेने पसरते, स्तनाच्या आत नेमके काय कसे जोडलेले आहे, याचा भरवशाचा नकाशा त्याच्यापाशी नव्हता. कूपरचा ग्रंथ हा तसा नकाशा काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न. तो नकाशा कसा तयार झाला, त्यात काय चुकले, आणि रोग लवकर ओळखण्यासाठी त्याचा उपयोग व्हायला इतकी वर्षे का लागली, हा या लेखाचा विषय आहे.

लपवलेली गाठ

रोगाची नोंद मात्र फार जुनी. इजिप्तमधील एडविन स्मिथ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसात स्तनातील फुगीर गाठींचे वर्णन आहे आणि त्यावर उपाय नसल्याचे सांगितले आहे. हिरोडोटसने पर्शियाची राणी अटोसा हिची हकिगत दिली आहे. तिच्या स्तनावर गाठ आली. लहान होती तोवर लाजेपायी तिने कोणाला सांगितले नाही. वाढून फुटली तेव्हा डेमोसिडीस या ग्रीक वैद्याला बोलावणे गेले. ती गाठ कर्करोगाचीच होती असे म्हणता येत नाही. पण ज्या बाईच्या नवऱ्याच्या हुकमतीखाली अर्धे ज्ञात जग होते, तिनेही दुखणे अंगावर काढले, हे मात्र हिरोडोटस स्पष्ट सांगतो.

ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनला गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. त्याचे कारण त्याने सांगितले ते शरीरात साठलेले काळे पित्त. हा विचार दीड हजार वर्षे टिकला. त्यामुळे एक झाले : रोग साऱ्या शरीराचा मानला गेल्यावर स्तनाची आतली रचना बारकाईने पाहण्याची निकड उरली नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद यांचे वर्णन आहे, तसे स्तनरोगाचेही आहे. कुमारिकांच्या स्तनातील धमन्यांची तोंडे मिटलेली असतात, म्हणून त्यांना स्तनरोग होत नाही. गर्भारपणानंतर आणि बाळंतपणानंतर ती आपसूक उघडतात, असे तिथे म्हटले आहे. तिथला स्तनरोग हा मुख्यतः सूज आणि गळू यांचा विचार आहे, हे खरे. तरी स्तनाच्या आत वाटा आहेत आणि बाईच्या आयुष्याबरोबर त्या बदलतात, ही कल्पना शरीररचनेचीच. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या रामाझिनी या वैद्याला उलट बाजूने एक गोष्ट दिसली. मठातल्या अविवाहित जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर बायकांपेक्षा जास्त आढळतो, असे त्याने नोंदवले. मूल होणे, अंगावर पाजणे आणि हा रोग यांचा संबंध आजच्या अभ्यासांनीही मान्य केला आहे.

मेण आणि मृतदेह

कूपर लंडनच्या गाइज रुग्णालयातला. राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरची गाठ काढल्याबद्दल त्याला सरदारकी मिळाली होती. त्याने स्तनाचा अभ्यास केला तो मृतदेहांवर. अंगावर दूध असताना वारलेल्या स्त्रियांचे स्तन घ्यायचे, स्तनाग्रावरच्या बारीक छिद्रांतून एकेका दुग्धनलिकेत रंगीत मेण भरायचे, मेण गोठले की भोवतालचा भाग काढून टाकायचा. मग उरतात लाल, पिवळ्या, निळ्या फांद्या. झाडाचे खोड स्तनाग्राशी आणि डहाळ्या आत खोलवर. डहाळ्यांच्या टोकाला दूध तयार करणाऱ्या खंडिकांचे घोस.

त्याने दाखवलेली दुसरी गोष्ट आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. स्तनाची ग्रंथी आणि मेद यांमधून तंतूंचे पातळ पडदे त्वचेपर्यंत गेलेले असतात. हे कूपरचे बंध. स्तनाला आकार आणि आधार देतात ते हेच. आत वाढणाऱ्या गाठीने हे बंध ओढून धरले की वरच्या त्वचेला खळी पडते. गाठ हाताला लागण्याआधीही ही खळी कधी कधी दिसते, विशेषतः हात वर केल्यावर. आरशासमोर हात वर करून पाहा, असा सल्ला आज डॉक्टर देतात. त्यामागचे कारण या बंधांमध्ये आहे.

पण हे मृतदेह आले कुठून? त्या काळी लंडनमध्ये शवविच्छेदनासाठी कायद्याने मिळणारी प्रेते म्हणजे फाशी गेलेल्या खुन्यांची. ती पुरत नसत. म्हणून रात्री कबरी उकरून प्रेते विकणाऱ्या टोळ्या होत्या आणि कूपर त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. १८२८ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने सांगितले की, मनात आणले तर कोणत्याही दर्जाच्या माणसाचे प्रेत आपण मिळवू शकतो. १८३२ च्या कायद्याने कबरी उकरणे थांबत गेले. त्याऐवजी अनाथगृहांत आणि इस्पितळांत वारलेल्या, कोणी न्यायला न आलेल्या गरिबांचे देह विच्छेदनासाठी देण्याची मुभा मिळाली. कूपरच्या मेणाच्या प्रतिकृती ज्यांच्या देहांवर बनल्या, त्या बाळंतिणी कोण होत्या याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. त्यांची तान्ही मुले पुढे जगली की नाही, हेही नाही.

या नकाशात एक दोषही राहून गेला. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी स्तनाग्राखाली दुग्धनलिका फुगून लहान हौदासारखी होते, असे चित्र पिढ्यान्‌पिढ्या छापले आणि नलिकांची संख्या पंधरा ते वीस सांगितली. २००५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील पीटर हार्टमन यांच्या गटाने दूध पाजणाऱ्या मातांच्या स्तनांची सोनोग्राफी केली. असे हौद त्यांना दिसलेच नाहीत आणि मुख्य नलिका सरासरी नऊच्या आसपास निघाल्या. मेण जोराने भरताना नळी फुगली असावी. गंमत अशी की कूपरने स्वतः प्रामाणिकपणे लिहिले होते : आपल्याला एका वेळी जास्तीत जास्त बारा आणि बहुधा सात ते दहाच नलिका भरता आल्या. त्याचे शब्द मागे पडले आणि चित्र टिकले.

काखेपर्यंतची वाट

दुग्धनलिका ही एक वाट, दुसरी लसिकेची. पेशींभोवतीचे पाणी गोळा करून नेणाऱ्या या वाहिन्या इतक्या नाजूक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सापे या शरीरशास्त्रज्ञाने त्यांत पारा भरून त्यांची चित्रे काढली. स्तनातील बहुतेक लसिका काखेतील ग्रंथींकडे जाते. म्हणूनच स्तन तपासताना काख तपासल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. लसिकेच्या वाहिन्या तुंबल्या की त्वचा सुजते, रोमरंध्रे खोल दिसतात आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी होते. वैद्यकाच्या पुस्तकांतही तिला हेच नाव आहे.

रोग स्तनातच सुरू होतो आणि लसिकेच्या वाटेने पुढे सरकतो, हे फ्रान्सच्या ल द्रां याने अठराव्या शतकातच मांडले होते. काळ्या पित्ताच्या कल्पनेला दिलेला तो पहिला मोठा धक्का. या विचारात आशा होती : वेळेवर पूर्ण काढले तर रोग जाईल. बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेडने ही आशा टोकाला नेली. स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सगळे एकसंध काढण्याची शस्त्रक्रिया त्याने रूढ केली. १८९४ मध्ये त्याने अशा पन्नास शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे जगभरच्या बायकांच्या छातीचा स्नायू त्या अहवालाच्या बळावर गेला. त्यांपैकी अनेकींचा हात आयुष्यभर सुजलेला राहिला.

रोग नेहमी शिस्तीने एकेक पायरी चढत जात नाही, हे सिद्ध करायला नीट आखलेले प्रयोग लागले. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांवर हा प्रयोग केला. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी तसेच अभ्यास चालवले. गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढून किरणोपचार दिले, तरी बाई तितकीच जगते, असे दोन्हीकडे दिसले. मात्र त्याला एक अट होती. गाठ लहान असताना सापडायला हवी.

सावल्यांचे वाचन

लहान गाठ शोधण्याची वाट बर्लिनमध्ये एका तरुण शल्यचिकित्सकाने उघडली होती. आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरण चित्रे घेतली, तेच स्तन कापून पाहिले आणि दोन्हींची तुलना १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. कर्करोगाची गाठ भोवतालात कशी शिरते, काखेकडे कशी जाते, हे सावल्यांत दिसत होते. काही चित्रांत बारीक ठिपकेही होते. ते कॅल्शियमचे सूक्ष्म कण. मिठाच्या कणांसारखे एका जागी गोळा झालेले असे ठिपके हाताला गाठ लागण्यापूर्वीची खूण ठरू शकतात, हे पुढे कळायचे होते.

सालोमन यांचे काम तिथेच थांबले. आधी महायुद्ध आले. ते ज्यू असल्याने १९३३ नंतर त्यांच्या व्यवसायावर बंधने आली, १९३८ मध्ये त्यांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत टाकले. तिथून सुटून ते पत्नीसह नेदरलँड्सला गेले आणि युद्धातून वाचले. त्यांची एकुलती मुलगी शार्लोटे मात्र १९४३ मध्ये आउशवित्झला मारली गेली. तेव्हा ती गर्भवती होती. फ्रान्समध्ये लपून राहताना तिने काढलेली शेकडो चित्रे मागे राहिली. वडिलांनी आणि सावत्र आईने ती पुढे ॲमस्टरडॅमच्या ज्यू इतिहास संग्रहालयाला दिली. आज सालोमन हे आडनाव जगाला ठाऊक आहे ते मुलीच्या चित्रांमुळे. बापाच्या चित्रांचा उल्लेख क्ष-किरणशास्त्राच्या पुस्तकांतच सापडतो.

त्यानंतर १९३० मध्ये अमेरिकेत स्टॅफर्ड वॉरेन यांनी जिवंत रुग्णांच्या स्तनांची क्ष-किरण चित्रे घेतली. उरुग्वेच्या राउल लेबोर्न यांनी १९५० च्या सुमारास स्तन दाबून धरून चित्र घ्यायचा आग्रह धरला आणि त्या सूक्ष्म कणांचे महत्त्व सांगितले. मॅमोग्राफीच्या यंत्रात स्तन दोन पट्ट्यांत दाबतात, ते बाईला त्रासाचे होते. पण कारण रचनेतच आहे : एकावर एक आलेले थर पसरले नाहीत तर एकाची सावली दुसऱ्यावर पडते. १९६० मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी कोणालाही शिकून करता येईल अशी पद्धत बसवली. १९६३ पासून न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२ हजार स्त्रियांवर पहिला मोठा प्रयोग झाला. तो चालवणाऱ्यांपैकी फिलिप स्ट्रॅक्स यांची पत्नी याच रोगाने गेली होती. तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. एक गोष्ट सहसा विसरली जाते. त्या प्रयोगात नुसती मॅमोग्राफी नव्हती. दर वेळी हातानेही तपासणी होत होती, आणि कित्येक गाठी फक्त हातालाच सापडल्या होत्या.

याचे उत्तर पुन्हा शरीररचनेत आहे. क्ष-किरण चित्रात मेद काळा दिसतो. ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. गाठही पांढरीच. वयस्क बाईच्या स्तनात मेद जास्त असतो, त्या काळ्या पाटीवर पांढरी गाठ उठून दिसते. तरुण बाईच्या दाट स्तनात ती शोधणे म्हणजे सुपातल्या तांदळात पांढरा खडा शोधणे. डेट्रॉइटच्या जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली : दाटपणा गाठ लपवतो एवढेच नाही, तो रोगाचा धोकाही वाढवतो. हे डॉक्टरांना ठाऊक झाले, बायकांना कोणी सांगितले नाही. कनेक्टिकटच्या नॅन्सी कॅपेलो यांची मॅमोग्राफी वर्षानुवर्षे निर्दोष येत होती. २००४ मध्ये निर्दोष अहवालानंतर काही आठवड्यांतच डॉक्टरांच्या हाताला गाठ लागली. रोग काखेतील तेरा ग्रंथींत पोचला होता. आपले स्तन दाट आहेत हे आपल्याला का सांगितले नाही, या प्रश्नावर त्यांनी राज्यात २००९ चा कायदा करून घेतला. २०१८ मध्ये त्या गेल्या. सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेत ही माहिती प्रत्येक बाईला देणे बंधनकारक आहे.

हाताचे ज्ञान

आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. भारतात हा रोग ओळखला जातो तेव्हा बायकांचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असते. आपल्या लोकसंख्येत तरुण स्त्रियाच जास्त, हे त्याचे एक कारण. म्हणजे दाट स्तनांचे प्रमाणही जास्त. शिवाय यंत्रे थोडी, ती वाचणारे त्याहून थोडे. मग नुसत्या हाताने काम भागेल का?

हा प्रश्न मुंबईत, टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये हाती घेतला. वीस वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. दहा वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्यांत स्तनाची हाताने तपासणी झाली. उरलेल्या दहा वस्त्यांमध्ये सुरुवातीला एकदा माहिती दिली गेली. तपासणारे डॉक्टर नव्हते. त्या कामाचे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या.

या हातांना काय शिकायचे असते, ते पाहिले की दोनशे वर्षांचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. स्तन ब्लाउजच्या मापाएवढा नसतो. वर गळपट्टीच्या हाडापर्यंत, खाली साधारण सहाव्या बरगडीपर्यंत, मध्ये छातीच्या हाडापासून बाजूला काखेपर्यंत तो पसरलेला असतो. त्याचे एक शेपूट थेट काखेत शिरते. ग्रंथींचा सर्वांत मोठा साठा वरच्या बाहेरच्या भागात, म्हणून जवळपास निम्मे कर्करोग तिथे सापडतात. १९७५ मध्ये वेलिंग्ज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्तनांचे पातळ काप करून दाखवले की बहुतेक कर्करोग मोठ्या नलिकेत सुरू होत नाहीत. जिथे शेवटची बारीक डहाळी खंडिकेला मिळते, त्या टोकाशी सुरू होतात. म्हणून बोटांनी वरवर चाचपून भागत नाही. आधी हलके, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत जाणारा दाब द्यावा लागतो. पाळीच्या आधी स्तन ओलसर, गाठाळ लागतो. पाळी संपल्यावर आठवडाभरात मऊ. त्या दिवसांत तपासलेले बरे.

निकाल २०२१ मध्ये आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात सापडलेले कर्करोग ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. एकूण मृत्यूंमधली घट १५ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती निर्णायक ठरली नाही. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मात्र घट जवळजवळ तीस टक्के होती आणि ती कसोटीला उतरली. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यू घटले नाहीत. म्हणजे सगळा प्रश्न सुटला असे नाही. आणि केवळ बायकांना स्वतःची तपासणी शिकवून भागत नाही, हेही आधी दिसले होते : शांघायच्या कापड गिरण्यांमधील सुमारे २,६६,००० कामगार स्त्रियांच्या अभ्यासात त्या शिकवणीने मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींसाठी होणाऱ्या चिरफाडी मात्र वाढल्या. मुंबईत फरक पडला तो शिकलेला हात, ठरावीक वेळ आणि गाठ लागली तर पुढे पाठवण्याची व्यवस्था या तिन्हींमुळे.

या साऱ्या इतिहासात आपल्या भाषेचाही वाटा आहे. स्तन हा शब्द पुस्तकातला. घरात तो उच्चारला जात नाही. बाई फार तर ‘छातीत दुखतंय’ म्हणते आणि ऐकणाऱ्याला हृदयविकार आठवतो. गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, त्यामुळे तेवढेही बोलले जात नाही. मुंबईच्या त्या आरोग्यसेविकांना दारातून आत शिरताना हाताच्या आधी शब्द वापरावे लागले असणार : कुठे तपासायचे, का तपासायचे, सासूच्या देखत काय म्हणायचे.

स्तनाच्या नकाशावर आज अनेक नावे आहेत. बंध कूपरचे, काखेतले शेपूट एडिंबरोच्या स्पेन्सचे, स्तनाग्राभोवतीच्या बारीक ग्रंथी डब्लिनच्या माँटगोमेरीच्या. सगळी पुरुषांची. ज्यांच्या देहांवरून नकाशा निघाला, त्यांत नावानिशी बोललेली फॅनी बर्नी. बाकी लंडनच्या बाळंतिणी, सालोमन यांच्या टेबलावरचे तीन हजार स्तन, मुंबईच्या वीस वस्त्यांमधल्या दीड लाख बायका, हे सारे आकड्यांत आहेत. त्यांतल्या अर्ध्या बायकांची तपासणी तुलनेसाठी झाली नव्हती, आणि त्यांच्याशी तुलना झाली म्हणूनच पन्नाशीनंतर शिकलेल्या हाताचा उपयोग होतो हे आज ठामपणे म्हणता येते.